खो

बिबड्यांच्या खाटेपलीकडे, यावलच्या गच्चीवर
आम्ही ओळीत बसतो,
एकाचं तोंड सातपुड्याकडे, दुसऱ्याचं केळीबागांकडे.
निर्जाचा शनिवारी सामना.

आप्पांचा गुडघा वाकत नाही, त्यांना पाटाची सूट.
सुषमा लसूण सोलता सोलता खांब होते.
धाकटा पळणारा.
मी भुसावळहून रात्रपाळी करून आलेला;
पाठीवर थाप पडते तेव्हा डोळा लागलेला.
"खो, पप्पा! उठा ना!"
धावतो. चप्पल निसटते.
"धर त्याले!" आप्पा ओरडतात.

शनिवारी शेवटच्या चौकोनात
ती उकिडवी बसून राहिली.
कुणी खो दिलाच नाही.

संध्याकाळी गच्चीवर, आमच्याकडे पाठ.
आप्पा भिंत धरत जिना चढले,
तिच्यामागे उभे राहिले,
आधी खोकले.
मग म्हणाले, "खो."

ती वळली नाही.
उठली मात्र,
आणि पळाली
थेट खाटेखालून.