सत्तावीस चांदण्या

वर्ल्डकप जवळ आला की तालमीची पोरं दुकानात येतात.
"मामा, बावीस फूट बाय चौदा. ब्राझील.
पलीकडच्या गल्लीचा निळा-पांढरा
आपल्यापुढं हातरुमाल दिसाय पाहिजे."
मी हावळ टेलर, मिरजकर तिकटीजवळ.
एरवी शाळेचे गणवेश, बँडवाल्यांचे कोट,
आणि तेवढ्या दिवसांत हिरवं टेरिकॉट, पिवळं टेरिकॉट,
मधे परात उपडी ठेवून आखलेलं निळं वर्तुळ.
चांदण्या किती, कुणी विचारलं नाही.
कापड उरेल तेवढ्या.
पट्टीवरची अक्षरं मी नक्षी समजून शिवायचो.
एका वर्षी उलटी लागली,
आणि त्याच वर्षी आम्ही कप जिंकलो.

आम्ही म्हणजे ब्राझील. पेठेत असंच बोलतात.

पुतणी प्रणोती कंपनीकडून साल्वादोरला.
"काका, एकदा या की, आयुष्यभर झेंडे शिवलासा."
गेलो.
मुंबईच्या विमानतळावर खिशातली कात्री काढून घेतली,
चाळीस वर्षांची, वडिलांनी धार लावलेली.
पुढचा सगळा प्रवास
उजवा खिसा हलका हलका लागत होता.

तिथं गाव दोन मजली. वरचं गाव, खालचं गाव,
मधे लिफ्ट, बसच्या तिकिटासारखं तिकीट काढून.
समुद्र मला गणपतीपुळ्यापुरता ठाऊक.
हाही खाराच, पण सूर्य बुडाला की
लोक टाळ्या वाजवतात,
जसं काही त्यानं गोल मारलाय.
वाळूत पोरं खेळत होती. बॉल माझ्याकडं आला.
मी टाचेनं परत दिला,
शाहू स्टेडियमच्या धुळीत शिकलेली टाच.
पोरगं हसून काहीतरी ओरडलं.
वाटलं, वाहवा म्हणतंय.
प्रणोती म्हणाली, "काका, चप्पल काढा म्हणतोय."
करकरत होती ना, नवी कापशीची.

पांढऱ्या घेरदार झग्यातली बाई कोपऱ्यावर वडे तळत होती,
तांबड्या तेलात, चवळीचे.
झग्याला घेर किती, मी मनात मोजला: नऊ वार.
वड्याचं नाव अकाराजे.
राजे म्हटल्यावर आम्ही कोल्हापूरचे,
खायच्या आधी मान आपोआप लवली.
तिखटाला मात्र मानलं नाही.

देवळाच्या कठड्याला हजारो फिती.
तीन गाठी मारायच्या, तीन इच्छा मागायच्या.
मी फीत चिमटीत धरली: नायलॉन.
पहिल्यांदा पुतणीसाठी मागितलं, मग गुडघ्यासाठी.
तिसरी गाठ मारली, मागायचं राहिलं.

आणि मग रस्त्यावर तो झेंडेवाला.
एक झेंडा मांडीवर पसरला, चष्मा पुसला,
बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.
सत्तावीस.
एकेक चांदणी म्हणजे एकेक राज्य, प्रणोती सांगत होती,
आणि ही जुळणी म्हणजे इथलंच आकाश,
एका ठराविक दिवसाचं.
मी तिथंच फूटपाथवर बसलो.
इतकी वर्षं मी कुणाची कुणाची राज्यं
कापड कमी पडलं म्हणून वगळली?
शिवण बघितली. शिवण नव्हतीच, छापलेला होता.
तेवढंच जरा बरं वाटलं.

परत आल्यावर नवा शिवला.
सत्तावीस मोजून, जागच्या जागी, अक्षरं सुलटी.
पोरांनी उघडला, एकमेकांकडं बघितलं.
तालमीचा विराज म्हणाला, "मामा, भारी झालाय.
पण जुनाच लावू या.
उलट्या अक्षरांचा. तो असताना जिंकलोय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता.
जुना आणला, उसवलेलं टाचलं, चांदण्या मोजल्या: एकोणीस.
रात्री शटर अर्धं ओढून
उरलेल्या आठ मागच्या बाजूनं लावल्या,
कुणाला न सांगता.
मागची बाजू पलीकडच्या गल्लीला दिसते.
बसू देत अर्जेंटिनावाले मोजत.