कोरा अंगठा

रुवीत, सोनारांच्या गल्लीमागे, दुसऱ्या मजल्यावर
वकील नासिर यांच्या ऑफिसात मी कागदांची भाषा बदलते:
अरबीतलं मराठीत, मराठीतलं इंग्रजीत,
आणि माणसांचं म्हणणं कुठल्या तरी रकान्यात.

याकूब सोलकर गुरुवारी आले, दुपारी दुकानं मिटल्यावर.
हातात बँकेची नोटीस, चार घड्यांची,
घड्यांत ग्राउटची पांढरी पूड.
"बाय, माझी सही दाखव ह्यात.
एक जरी सापडली, तर पैसे भरतो."

मी शोधली. एकेचाळीस पानं.
शेवटच्या पानावर, जिथे सही असते,
तिथे नुसती वेळ होती, रात्रीचे अकरा बेचाळीस,
आणि सहा आकडे, जे आता कुणाच्याच कामाचे नाहीत.

सत्तावीस वर्षं ते फरशी लावतात.
सिमेंटने अंगठ्याच्या रेषा खाल्ल्या.
रेसिडेंट कार्ड काढताना
पोलिसाने तो तीनदा पुसला, चारदा दाबला,
मशीन म्हणालं, इथे कुणी नाही.
आई जन्मभर अंगठा उठवत आली
रेशनला, पतपेढीत, जमिनीच्या कागदावर,
आणि पोराचा अंगठा कोरा निघाला.
म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी
खोलीतल्या गुहागरच्या पोराकडून ते सही शिकले,
फरश्यांच्या खोक्यांवर, सुतारी पेन्सिलीने.
'य'ची शेपटी लांब,
'सोलकर'च्या खाली दोन टिंबं.

"आणि मग इचारलीच नाय कुणी."
फोनवर एक पोरगी गोड बोलली होती.
खोलीत दिवा बंद, बाकीचे झोपलेले.
'मान्य आहे' वर दाबा, अंकल, आणि आकडे वाचा.
हिरवं बटण.
त्याला रेषा लागत नाहीत.

नासिरसाहेबांनी चष्मा काढला.
"कार्डावर काय काय घेतलं?"
याकूबभाई खोटं बोलले नाहीत.
फ्रिज. मुलीच्या दातांच्या तारा.
हेल्पर वारला तेव्हा त्याच्या पेटीचं विमानभाडं,
कंपनी परत देणार होती.
नऊ हप्ते भरले. दहावा नाही.

"मग करार उभा राहतो," साहेब म्हणाले, मी मराठीत आणलं.
"सही म्हणजे शाई नाही. तो तूच होतास, एवढंच सिद्ध व्हायचं असतं.
आकडे तुझ्या फोनवर आले, माल तुझ्या घरी गेला,
नऊ वेळा तू पुन्हा हो म्हणालास.
व्याजाचं पान तुला कधी दाखवलं का,
दंडावर दंड कुठल्या ओळीच्या आधाराने,
ते मात्र विचारू. तिथे भांडता येईल."

याकूबभाईंनी नोटीस टेबलावर सपाट केली,
बोटाच्या पेराने टकटक केली, कान खाली नेऊन,
ताजी फरशी तपासतात तशी.
"तळ भरला नसला ना, की पोकळ वाजते.
दिसायला एकदम लेव्हल.
मी अशी लावली तर मुकादम उखडायला लावतो."

हे साहेबांपर्यंत कसं न्यायचं?
मी लिहिलं: अटी समजावून दिल्या नाहीत, असे अशिलाचे म्हणणे.
चुकलं काहीच नव्हतं. टकटक तेवढी राहिली.

मग वकीलपत्र पुढे केलं. इथे, म्हटलं, सही.
पेन घेण्याआधी त्यांनी हात पॅन्टला पुसला.
पाच मिनिटं लागली, म्हणजे एखादं लागलं असेल;
तेवढ्यात असरची अजान होऊन गेली.
'य'ची शेपटी, 'र'नंतर एक रेघ, खाली टिंबं,
दुसरं इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.
फुंकर घातली, शाई ओली नसतानाही,
आणि कागद माझ्याकडे सरकवला.
"ही तरी चालंल ना, बाय?"