अकरा मिनिटं

विट्याहून सांगलीला आलो. पिशवीत एकच कॅसेट,
आईच्या ट्रंकेच्या तळाशी निघालेली,
वर निळ्या शाईत कुणाकडून तरी लिहून घेतलेलं :
‘शालनचे लग्न. लेंगरे. पुसू नये.’

मारुती रोडच्या मागच्या बोळात
सोहेल मुजावर झाकण उघडून फितीचा वास घेतो.
‘बुरशी धरलीय. पण निघंल.
आमच्याच आज्ज्याची शूटिंग हाय ही,
हे बघा, कडंला त्याचा शिक्का.’
खालच्या भोकात बॉलपेनचं टोक दाबून
सैल पडलेली फीत तो अंगठ्यानं ओढून घेतो
आणि खिशात माझा अंगठा
आपोआप फिरायला लागतो.

व्हीसीआर तात्यांनी कोचीनहून आणला,
लुंगीत गुंडाळून, दोन दिवस रेल्वेत मांडीवर.
तिकडं ते सोनं गाळायचे.
तेजाबानं बोटं पिवळी,
वर्षभर पिवळी, घासून न जाणारी.
गावाकडं यायचे ते लग्नाला नाहीतर मयताला.
आले की आधी स्पिरिटचा बोळा घेऊन
मशीनचं हेड पुसायला बसायचे.
‘ह्याला धूळ चालत नाही,’ म्हणायचे,
खानापूर तालुक्यात बसून.

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकची एक टिकली असते.
ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही.
शालनताईच्या लग्नाची त्यांनीच मोडली,
कात्रीच्या टोकानं, सगळ्यांदेखत,
बँकेच्या कागदावर सही करावी तशी.

मी सहावीत. मला एवढंच कळलेलं
की भोकावर चिकटपट्टी लावली
की मशीन फसतं.

मॅच होती. कोरी कॅसेट नव्हती.
लाल बटण आणि शेजारचं, दोन्ही एकदम दाबली.
तिकडं पाऊस आला.
झाकलेलं मैदान भरलं, मग बातम्या भरल्या,
मग हवामान : मध्य महाराष्ट्रात कोरडे राहील.
मग लाईट गेली.
वीज मंडळाचे उपकार,
नाहीतर पाठवणीही गेली असती.

चिकटपट्टी सोलून टाकली. बोललो नाही.
त्या दिवाळीला तात्या आले नाहीत.
त्यांची ट्रंक आली.

आई म्हणायची, ‘लाव रं ती शालनची.’
मी म्हणायचो, ‘हेड गेलंय.’
पुढं ते खरंच गेलं.
मग मशीन गेलं, मग दुरुस्तीवाले गेले,
मग आई.
माझं वाक्य तेवढं टिकलं.

सोहेलच्या पडद्यावर हळद चाललीय.
बायका एकमेकींना ढकलतायत, कुणीतरी पाट मागतंय,
आणि तात्या सदऱ्याचं बटण लावत
सरळ कॅमेऱ्याकडं येतात,
काहीतरी सांगायला तोंड उघडतात
आणि झाकलेलं मैदान.

अकरा मिनिटं.
सोहेल म्हणाला, ‘हे कापून टाकू का?’
मी म्हणालो, राहू दे.

मग मुंग्या, दोन तिरक्या रेघा,
आणि चौकटीच्या कडेला एक हात,
मांडवाच्या बल्बची माळ सरळ करणारा.
पिवळा.
पण हळदीचा दिवस. सगळ्यांचेच हात पिवळे.

पूर्वी चित्र थांबवलं की ते थरथरायचं,
जणू धावून आलंय आणि दम खातंय.
हे थांबतं ते दगडासारखं.
दोन बोटांनी मोठं केलं,
तर हाताचे चौकोन झाले,
पिवळे, जरा कमी पिवळे,
आणि कडेचे मांडवाच्या रंगाचे.

आटपाडीला शालनताईला पाठवलं.
रात्री तिचा फोन.
‘हात त्यांचाच.’
‘कशावरनं?’
‘दुसऱ्या कुणाला माळ सरळ हाय का वाकडी,
ह्याचं काय पडलंय?’
मग थोडा वेळ नुसता तिच्याकडचा पंखा.
‘मधी ते मैदान कसलं रं?’

एवढ्या वर्षांनी सांगितलं. सगळं.
चिकटपट्टीसुद्धा.

ती गप्प.
मी मोबाईल कानावर दाबून धरलेला,
फितीसारखा, सैल पडू नये म्हणून.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘कोण जिंकलं मग?’

‘माहीत नाही, ताई.
लाईट गेली.’