पाच-पाच-चार

माझ्या सासऱ्यांच्या लाकडी पेट्या एकूण चौदा.
लग्नानंतर मी पहिल्यांदा उघडली ती आठवी.
डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला
की वाटलं, आत स्वेटर असतील.

भुंगे होते.
रांगा धरून, एकाच दिशेला तोंड,
शाळेच्या फोटोत बसवल्यासारखे गप्प.

नरोत्तम चुरी, महापालिकेचं मलेरिया खातं.
तीस वर्षं भांडुपच्या गच्च्या चढून
टाक्यांतल्या अळ्या मोजल्या, तेल ओतलं, नोटिसा फाडल्या.
रविवारी मात्र किड्यांशी वेगळं वागायचे.
म्हणजे मारायचेच,
पण नाव विचारून.

जॅमची बाटली, तळाला प्लास्टर,
त्यावर नेलपॉलिश काढायच्या औषधाचे चार थेंब
(औषध माझं).
मग टाचणी. मधोमध नाही,
उजव्या कवचातून, खांद्याच्या जरा खाली.
"डावी बाजू शाबूत ठेवायची, सूनबाई.
ओळखायला एक बाजू पुरते."
ओल्या ब्रशने भुंग्याच्या मिशा सरळ करत बसायचे
आणि स्वयंपाकघरातून सासूबाई:
"पोराचा भांग कधी पाडला नाही ह्या माणसाने."

ओळखायचं म्हणजे पाय मोजायचे.
पायही नाहीत, पावलांचे तुकडे, भिंगाखाली.
पुढच्या पायाला पाच. मधल्याला पाच. मागच्याला
पाच?
"पुन्हा मोज."
चार.
पाच-पाच-चार.
असल्यास नऊवर जा, नसल्यास सतरावर,
असं लिहिलेलं असायचं त्यांच्या जाड पुस्तकात.
मी भांडी आटपून नऊवर जायचे,
नऊवरून बावीसवर,
आणि बावीसवर अडकायचे:
कवच काहीसं चकचकीत,
किंवा
कवच फारसं चकचकीत नाही.
त्या "काहीसं"पाशी आम्ही दोघांनी अख्खा श्रावण काढला.

शेवटी चिठ्ठी, नखाएवढी. टाक आणि काळी शाई.
कांजूर, मिठागराचा बांध, ३.७.८८.
जोगेश्वरी, तबेल्यामागचं शेण, ११.९.९१.
भांडुप, पंपिंग स्टेशनचा रस्ता, दुसऱ्या दिव्याखाली.
संग्राहक: न. चु.
"चिठ्ठी नसली तर हा नुसता मेलेला किडा," म्हणायचे.
पहिला दिवा का नाही, विचारायचं राहून गेलं.

ते गेल्यावर पेट्या माळ्यावर गेल्या.
डांबरगोळ्या कुणी बदलल्या नाहीत. म्हणजे मी बदलल्या नाहीत.

चार वर्षांनी आठवी काढली.
तळाला तपकिरी भुकटी, चाळलेल्या नाचणीसारखी.
भुकटीत केसाळ अळ्या, अर्ध्या तांदळाएवढ्या,
मेलेल्या भुंग्यांवर पोसलेल्या.
टाचण्या उभ्या. चिठ्ठ्या जागच्या जागी,
चिठ्ठ्यांच्या वर कुणी नाही.
मिठागराचा बांध होता, तबेला होता, दुसरा दिवा होता.
बाहेर ह्यातलं काय उरलंय
ते बघायला मी गेले नाही.

"टाकून दे," नवरा म्हणाला.
मी भिंग आणायला गेले.

पेटीच्या कडेने एक ठिपका चालत होता,
अळीचा झालेला भुंगा, मोहरीहून लहान.
टाचणीला तो पुरला नसता.
कागदाचा त्रिकोण कापला, टोकाला डिंकाचा कण,
त्यावर त्याला चिकटवला, उजवी कूस धरून.
पाय मोजले. हात थरथरला म्हणून परत मोजले.
पाच-पाच-पाच.
सतरावर गेले, तिथून एकतीसवर.
कवचावर खवले, काहीसे.

भांडुप, माळा, पेटी क्र. ८.
आहार: संग्रह.
संग्राहक:

इथे टाक बराच वेळ अधांतरी.
मग माझी दोन अक्षरं, पहिल्यांदाच,
त्यांच्यापेक्षा जरा मोठी आली.

उरलेल्या अळ्या मरायला हव्यात
म्हणून पेट्या एकेक करून फ्रीजरमध्ये,
दर पेटीला आठ दिवस, मटारच्या शेजारी.
नवऱ्याने बर्फ काढायला दार उघडलं,
म्हणाला, हे काय?
म्हटलं, बाबा आहेत.
हळू लाव.