तार

विडी घरकुलात दुपारी
माग थांबत नाहीत, म्हणून मी वाजवतो.
त्या खटखटीत माझी चूक कुणाला ऐकू येत नाही,
मलाही नाही.

मेहुण्याची जुनी गिटार. पाचच तारा.
सहावी आणायचं पगारावर ढकललंय.
जी जमतो. सी कधीमधी.
एफला पहिलं बोट आडवं पडतच नाही,
वीस वर्षं सुताच्या तुटल्या तारा जोडून
वाकडंच झालंय ते.

आज मधेच लाईट गेली.
सगळी गल्ली गप्प,
आणि माझा एफ
एकटाच चरचरला.

पलीकडून नरसूबाईनं
विडी वळता वळता विचारलं,
"भूमय्या, कुणाची तार तुटली रे?"

"जोडतोय," म्हटलं.
बोटाला फोड आला होता,
तिथंच परत दाबली.