धूळफेक

उदगीरला झेरॉक्सच्या दुकानामागं
कागदाच्या रिमांवर बसून
रविवारी आम्ही चौघं किल्ल्यात उतरतो.
नकाशा मुज्तबाचा, राक्षस मुज्तबाचे,
वीस तोंडांचा फासा पुण्याहून मागवलेला,
एका कोपऱ्यात टवका उडालेला.

मन्मथ सरदार. अंगभर चिलखत
आणि तोंडात सतत धर्मयुद्ध.
शिवलीला मंत्र टाकते, बहुतेक चुकीचे.
मी पाकोळी. चोरटी.
ताकद आठ, दोन सुऱ्या, एक थैली,
इमान कुणाशी ते अजून ठरलेलं नाही.

राक्षसानं मन्मथला भिंतीवर चेपलं
तेव्हा मी म्हटलं, धूळफेक.
मूठ भरायची, डोळ्यात मारायची.
मन्मथ भिंतीतूनच ओरडला,
"आमच्या तालमीत असल्याला हाकलून देतेत!"
"तू तालमीत न्हाईस," मी म्हटलं, "भिंतीत हायस."

मुज्तबानं वही चाळली. नियम होता.
"लागली तर तो एक डाव आंधळा.
चुकली तर तू त्याच्या हातात.
पण थैलीत काय आहे? लिहिलेलं नाहीस."

तुरीची चुनी.

"कामून चुनी?"

माती जड असते, खाली पडते.
डाळमिलची धूळ पडत नाही, हवेत थांबते,
कुणी डोळे उघडायची वाट बघते.
पापणीच्या आत जाऊन बसली
की पाण्यानं निघत नाही,
चोळलं तर आणखी रुतते.

थोडा वेळ फक्त मशीनचा आवाज.
मग मुज्तबानं पेन्सिलीनं माझ्या कागदावर लिहिलं:
चुनी, तीन मुठी.

फासा घरंगळत गेला,
टोनरच्या डब्याला लागून थांबला. सतरा.

राक्षस डोळे चोळायला लागला.
मुज्तबाची ही खोडच आहे,
राक्षसाला उगाच मनगटं देतो, नखं देतो.
भिंत चाचपडत तो म्हणाला, "कोण आहे?"
आणि नेमका तेव्हाच आवाज खाली आणला.

"मार," शिवलीला.
"मार की!" मन्मथसुद्धा.
धर्मयुद्ध तेवढ्यात आटपलं होतं.

मी मारलं.
गुडघ्याच्या मागं, जिथं कुणालाच चिलखत नसतं.
दया आली नाही असं नाही.
आली, पण डाव माझा होता.

हंगामात मिलला रविवार नसतो.
सात वाजता आई आली,
भुवया पिवळ्या, चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसली.
"बघ गं, उजव्यात काय गेलंय."

मी पापणी उलटली.
वर बघ. चोळू नको. चोळू नको म्हणलं ना.
पदराचं टोक वळलं, ओलं केलं,
हळूच फुंकर.

"कुठं होतीस दिवसभर?"
"किल्ल्यात."

"हूं," आई म्हणाली.
एक डोळा माझ्या बोटांत,
दुसरा माझ्यावर.