काळी तार आधी

डुलुथमध्ये त्या रविवारी उणे एकवीस.
भावाच्या तळघरात भिंतीएवढा टीव्ही,
चिलीचं पातेलं, सेलरीच्या काड्या, चौदा माणसं.
मॅच चालू असताना सगळी बडबडतात,
जाहिरात लागली की चिडीचूप.

लोर्ना हाविस्तो जिन्याच्या पायरीवर, गुडघ्यावर ताटली.
मध्यंतरात म्हणे जुन्या गाजलेल्या जाहिराती दाखवणार.
तीस वर्षं झाली, तिला वाटलं,
आपली कोण उकरून काढतंय.

काढली.

आधी पोट. मग पाठ. मग पाण्याचा पाइप.
पिवळी बिकिनी, लाल पिकअप, उघड्या बॉनेटवर वाकलेली ती,
मागे तीन पुरुष आ वासून,
बॅटरीकडे एकाचंही लक्ष नाही.
चेहरा शेवटी, सव्वा सेकंद.
तेवढ्यात कंपनीचं नाव त्याच्यावरून सरकत जातं.

कुणीतरी शिट्टी घातली.
भाऊ सेलरी मोडत राहिला. त्याला ठाऊक आहे.
बाकीच्यांनी पन्नाशी उलटलेली आत्या
त्या पोटाशी जुळवायची तरी कशी?

आठ वर्षांची सिग्ने विचारते,
"तिला थंडी नाही का वाजत?"

वाजत होती गं.
वाळवंटातली पहाट, जानेवारी.
वाफ दिसू नये म्हणून दर टेकआधी
तोंडात बर्फाचा खडा धरायचा,
थुंकायचा, मग हसायचं.
एकेचाळीस वेळा.
अंगावरचा काटा नंतर कुणीतरी
फ्रेममागून फ्रेम पुसून काढला.

एक वाक्यही होतं तिचं.
कागदावर नव्हतं. पण नट लाल तार आधी उपटत होता
आणि मेकॅनिकच्या पोरीला ते बघवेना.
"काळी आधी काढ," ती बोलून गेली.
सगळे हसले, अगदी मनापासून.
दिग्दर्शक जवळ येऊन मायेनं म्हणाला,
राणी, तुला माहीत असलं की गंमत जाते.

त्या पैशात आईच्या घराचं छप्पर झालं.
तेही खोटं नाही.

यंदाची जाहिरात. कंपनी तीच.
बर्फाचा कडा चढणारी बाई, पाठीवर पोर, पियानो.
खोलीतल्या बायका टाळ्या वाजवतात,
लोर्नाही वाजवते, जरा उशिरा.
बाई माथ्यावर पोचते, तोंड उघडते,
आणि एक भारदस्त पुरुषी आवाज सांगतो
ती किती खंबीर आहे.

लोर्ना उठते. टोइंगच्या ऑफिसात रात्रपाळी, फोनवर.
अशा रात्री निम्म्या गावाच्या बॅटऱ्या बसतात.
दोनच्या सुमारास बंदराच्या रस्त्यावरून कुणीतरी
दात वाजवत विचारील, पाना घेतलाय, आता काय करू?

बूट चढवताना सिग्ने मागे येऊन उभी.
"त्या पिवळीचे ओठ हलले. काय म्हणाली ती?"

लोर्नाच्या हातात नाडी तशीच राहते.

"कोट घाल," ती म्हणते,
"आणि गॅरेजमध्ये चल."